जागा आहे

३ नोव्हेंबर

आलो एकदाचा लेकीकडे! दोन ट्रंका, एक छत्री, कवितांच्या वह्यांचं गाठोडं आणि मी. जावईबापू स्टेशनवर घ्यायला आले होते. ट्रंक उचलताना त्यांनी विचारलं, बाबा, यात दगड भरलेत का. म्हटलं, वृत्तं आहेत, त्यातली गुरू अक्षरं जड असतात. विनोद कळला नसावा, पण मनापासून हसले. भला माणूस आहे.

घर आटोपशीर आहे. वर त्यांची निजायची खोली, खाली बैठक, स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी खोली. खिडकीतून मागची गल्ली दिसते. तिथला दिव्याचा खांब शिक्षा झाल्यासारखा वाकून उभा आहे. लेकीने माझ्यासाठी टेबल मांडलंय, त्यावर दिवा, श्रवणयंत्र ठेवायला छोटी डबी आणि ही कोरी वही. चाळीस वर्षं भाषा शिकवली, पण रोजनिशी कधी लिहिली नाही. आता लिहीन म्हणतो. पहिल्या पानावर अक्षर बरं आलंय.

लेक मात्र फार वाळली आहे. डोळ्यांखाली दौत कलंडल्यासारखी दिसते. विचारलं तर म्हणाली, काही नाही हो बाबा, वय.

६ नोव्हेंबर

'काही नाही'चा उलगडा आज झाला. सकाळी तिने दुधाचं पातेलं कपाटात ठेवलं आणि इस्त्रीचे कपडे घेऊन फ्रीज उघडला. मी हसलो. ती रडायला लागली. मग बसून सगळं सांगितलं. वर्ष झालं पाळी बंद होऊन. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, रात्री गादी भिजते, आणि झोप म्हणून नाही. "पाळी गेली आणि रात्रपाळी लागली, बाबा," म्हणाली. दोघंही हसलो. मग मी उगाच वर्तमानपत्र उचललं.

शहात्तर वर्षांत हा शब्द कुणा बाईने माझ्यासमोर उच्चारल्याची ही पहिलीच वेळ. तिच्या आईनेही नाही. कवितेतल्या विरहिणीचं जागरण मी तासभर रंगवून शिकवायचो. घरातल्या जागरणाला मात्र माझ्याकडे शब्द नव्हता.

तिने करायचं काही बाकी ठेवलेलं नाही. दुपारनंतर चहा बंद. सुती चादर, उघडी खिडकी, रोज तासभर चालणं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पडल्या पडल्या श्वास मोजणं. डॉक्टरांनी झोपेच्या चार गोळ्या लिहून दिल्या आणि दोन मिनिटांत वाटेला लावलं. या वयात व्हायचंच, म्हणाले, मन रमवा. मन रमवा! माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

९ नोव्हेंबर

लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम बावीस वर्षं बिनचूक करते आहे. काल दोन माणसांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. तिचं तिलाच वेळेवर दिसलं, तिनेच जाऊन सांगितलं. तर मुख्य बाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर घरीच बसा.

हे ती जेवताना सांगत होती आणि जावईबापू चमचा हलवत म्हणाले, "तू ना, फार विचार करतेस. मला बघ, डोकं टेकलं की गुल!" मी घास खाली ठेवला. म्हटलं, गुल होण्यात काय कर्तृत्व आहे? दगडही झोपतात. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही कविता वाचणारी माणसं, लगेच तापता." लेक माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती. नको, बाबा.

ताट घेऊन उठलो.

११ नोव्हेंबर

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात लेक मागच्या दाराशी स्टुलावर बसलेली. पाय गार पाण्याच्या बादलीत, मानेवर ओला टॉवेल. मी हाक मारणार तोच दारावर टकटक झाली, तीनदा. बाहेरून कुणीतरी अगदी अदबीने विचारलं, कोणी जागं आहे का? लेक म्हणाली, "हो, मी जागी आहे." तिचा आवाज सपाट होता, वर्गात हजेरी देतात तसा. पावलं गल्लीत दूर गेली.

मी खोलीत परतलो. पलंगावर बसल्यावर लक्षात आलं. माझं श्रवणयंत्र डबीत होतं. त्याच्याशिवाय मला शेजारी फुटलेला फटाकाही ऐकू येत नाही, आणि टकटक, प्रश्न, तिचं उत्तर, सगळं लख्ख ऐकलं होतं.

आणि आणखी एक आठवलं. हिची आई. हेच वय, असंच स्टूल, दाराकडे तोंड करून पुटपुटणं. मी अंथरुणातून खेकसायचो, कुणाशी बोलतेस? झोप की आता! आणि कूस बदलायचो.

१२ नोव्हेंबर

लेकीने सांगितलं. दोन, तीन आणि चार वाजता येतं. पाळी थांबली त्याच महिन्यापासून. आधीच्या घरीही यायचं, म्हणून तर घर बदललं, पण ते सामानाबरोबर आलं. एकदा तिने उत्तर दिलं नाही, कानावर उशी दाबून पडून राहिली. शेजारी नवऱ्याचा श्वास थांबला. तिने वीस आकडे मोजले, मग किंचाळून म्हणाली, मी जागी आहे! तेव्हा कुठे श्वास सुरू झाला.

सकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, भास होत असतील, डॉक्टरांच्या कानावर घाल. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'चिडचिड'.

चिडचिड! घरादाराचा श्वास ही पोर मुठीत धरून बसली आहे, आणि कागदावर चिडचिड!

पण मी कोणत्या तोंडाने बोलू? बारा वर्षं मी हिच्या आईच्या जागरणावर घोरलो. सकाळी ताजातवाना उठून वर तिलाच विचारायचो, चेहरा का पाडलायस? एकदाही नाही विचारलं, रात्र कशी गेली. आज समोर असती तर पाय धरले असते. नाही. आधी स्वतःच्या थोबाडीत मारली असती.

१४ नोव्हेंबर

ठरलं. ती गोळी घेऊन झोपेल आणि स्टुलावर मी बसेन. नाही म्हणत होती, ते बाईलाच विचारतं म्हणे. म्हटलं, 'कोणी जागं' हे नपुंसकलिंग आहे पोरी, उत्तर कुणीही द्यावं. व्याकरणापुढे हरली. जिना चढताना वळून म्हणाली, "पूर्ण वाक्यात उत्तर द्या हं, बाबा." मास्तराची मुलगी!

१५ नोव्हेंबर

जिंकलो! तिन्ही वेळा ताठ बसून सांगितलं, हो, मी जागा आहे. तिन्ही वेळा पावलं परत गेली. मधला वेळ वृत्तं मोजत काढला, लघू, गुरू, लघू, गुरू. लेक सात तास झोपली. गालावर उशीची वळी घेऊन खाली आली आणि चहा गाळताना गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं ऐकून किती वर्षं झाली.

जावईबापू म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, आपोआप होईल." आपोआप! हातातला कप मी फार जपून खाली ठेवला.

१६ नोव्हेंबर, पहाट

अक्षर नीट येत नाहीये.

दोनचं आणि तीनचं पार पडलं. चारला पाठ मोडून आली होती, मान गळत होती आणि वरून जावयाचं घोरणं, संथ, तृप्त. तेवढ्यात टकटक. डोकं भडकलं. बायकोचे, लेकीचे, सगळ्या रात्रींचे हिशेब एकदम डोळ्यांपुढे आले. ओरडलो, "जागा आहे, जागा! किती वेळा सांगायचं?"

पावलं परत गेली नाहीत. मग अगदी खूश होऊन कुणी म्हणालं, बरं.

आणि आतली कडी आपली आपण वर सरकली.

'मी' गाळला. चाळीस वर्षं ज्या चुकीला लाल रेघ मारली तीच केली. बाई 'जागी' म्हणते तेव्हा त्याचा एकच अर्थ होतो. पण पुरुष 'जागा' म्हणतो तेव्हा — हा श्लेष मी फळ्यावर लिहून शिकवायचो, पोरं हसायची —

मी त्याला सांगितलं, या घरात जागा आहे.

धापा टाकत वर गेलो. दोघं गाढ झोपेत. जावईबापू झोपेतच भिंतीकडे सरकले. लेक दुसऱ्या कडेला सरकली. मधे जागा झाली. गादी तिथे हळूहळू दबली.

१६ नोव्हेंबर, दुपार

उठत नाहीत. दोघंही. हलवलं, पाणी मारलं, नाव घेऊन ओरडलो. श्वास चालू आहे.

प्रयोगशाळेतून फोन आला. मुख्य बाईंना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाले, झोप लागली ना त्यांना? मग चांगलंच आहे की, आजोबा, झोपू द्या. आजोबा! रुग्णवाहिकेवाल्यांनी विचारलं, श्वास आहे का. म्हटलं, आहे. मग वेळ लागेल, म्हणाले.

कुणी ऐकत नाही. बायका वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या आणि कुणी — मीसुद्धा —

रात्र

त्यांच्या पलंगाशी बसलोय. लिहीत राहिलो तर डोळा लागणार नाही. श्वास तीन आहेत. मधला फार लांब.

दोन वाजले. आता दारावर टकटक नाही. गादीतूनच विचारलं, कोणी जागं आहे का?

ओरडलो, जागा नाही! — आणि जीभ चावली. जागा नाही म्हणजे कुणी जागा नाही. म्हणजे उत्तर न दिल्यासारखंच. दोन्हीकडून —

जावईबापूंचा श्वास थांबला.

वीस. तीस. चाळीस. साठ.

झोपेतच गेला बिचारा. डोकं टेकलं आणि — भला माणूस होता. मी उगाच —

स्पष्ट, शुद्ध म्हटलं, मी झोपलेलो नाही. तर म्हणालं, विचारलं तेवढंच सांगा.

तीन वाजत आले

तिलाच उठवायला हवं. आता ते आत आलंय, 'मी जागा आहे' म्हटलं तर मलाच जागा समजेल; तिचाच शब्द चालतो. एकदा 'जागी' म्हणाली की सुटेल. पण मग पुन्हा स्टूल, पुन्हा बादली, रोज, मरेपर्यंत — आणि तिला तिथे बसवणारा मी —

नाही. जगली तर पाहिजे. हलवतोय. एका हाताने लिहितोय. ऊठ पोरी. ऊठ —

कूस वळली. डोळे मिटलेलेच. म्हणाली, बाबा, पाचच मिनिटं.

किती दमली आहे. अगदी आईसारखी दिसते. तिला मी आयुष्यात कधी पाच मिनिटं —

दिली. झोप. वेळ आहे अजून. माझी मान — नाही, ठीक आहे. पाचच मिनिटं. मी आहे ना इथे. मी जा