मरियमला अरबी बंद

टार्निट, ९ ऑगस्ट २०२०

ती. शांताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परदेशी टपाल अडकलंय, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय. म्हणजे तुझी लाल शाई इथेही पोहोचणारच!

लॉकडाऊनमध्ये मी मुलांची स्पीच थेरपी झूमवर घेते. आमची शेजारिण हना इराकची. तिची मरियम सात वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली, अखंड बडबडी. अरबीत आपल्यासारखंच क्रियापदाला लिंग असतं, तिथे ती हमखास गडबडते. आमच्या क्लिनिकने तिची परीक्षा घेतली, इंग्रजीत! मग मॅनेजर ट्रेसीने फर्मान काढलं, दोन भाषांचं ओझं नको, घरी फक्त इंग्रजी. वर ‘नो वरीज’.

हनाचं इंग्रजी ‘हॅलो’ आणि ‘सॉरी’पुरतं. आता ती केळं दाखवून ‘बनाना’ म्हणते आणि गप्प बसते. मरियमही गप्प झालीय. बोलावं तर मी अजून प्रोबेशनवर. काय करू?

तुझी,
नीलिमा

पुणे, १२ ऑगस्ट २०२०

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

‘शेजारीण’मधला ‘री’ दीर्घ. असो.

मी जन्मभर व्याकरण शिकवलं. छड्याही दिल्या, पण क्रियापद चुकलं म्हणून कुणाची आई बंद केली नाही. तुझा लेक यतिन मला फोनवर ‘आजी आला’ म्हणतो, ते तुम्हाला क्यूट वाटतं. तीच चूक मरियमने केली की तिच्यावर इलाज? ट्रेसीबाईंना सांग, आठवडाभर स्वतःच्या मुलांना मराठीतून रागवून बघा.

नोकरी तुझी, तेव्हा निर्णयही तुझाच. जेवत जा वेळेवर.

शांताआत्या

टार्निट, ३० ऑगस्ट २०२०

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मीटिंगमध्ये तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. सगळे स्तब्ध! मग कुणीतरी म्हणालं, ‘तू म्यूटवर आहेस.’ पुन्हा म्हणेपर्यंत निम्मं धैर्य ओसरलं होतं, तरी म्हटलं. ट्रेसीने विषय समितीकडे सोपवला. समितीने भाषिक विविधतेवर वेबिनार ठरवला. फक्त इंग्रजीत.

मी थांबले नाही. मास्क लावून कुंपणाशी गेले आणि हनाला, तिच्या नवऱ्याला दुभाष्या करून, सांगितलं की पोरीशी अरबीतच बोल. ती चुकेल तिथे न रागवता तेच वाक्य नीट म्हणून दाखव. हना रडली. मग आत जाऊन इतकं बोलली, की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

ट्रेसीला कळलं. माझं प्रोबेशन वाढलंय.

काल मरियमने आंघोळ नको म्हणून आईशी अरबीत कडाक्याचं भांडण केलं. रागाच्या भरात तिने आईला पुरुषच करून टाकलं, असं हना कुंपणापाशी मिशीच्या खुणा करून सांगत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

लोभ असू दे, चुकांसकट.

तुझी,
नीलिमा