हातावरचे दहा थेंब

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात तुझे? भावजींचा खोकला थांबला का? माझी छाती बोलताना मधेच शीळ घालते, बाकी सगळं ठीक.

पत्राला कारण हा दमाच. (कारणाशिवाय आपण एकमेकांना लिहीत नाही, हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं.) जुनी पुस्तकं बांधून बांधून तुझा भाऊ आता शिंकल्याशिवाय पान उलटत नाही. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही प्रथिनं पहारेकऱ्यासारखी असतात. धुळीचा कण दिसला की ती बोंब ठोकतात, मग आणखी प्रथिनं धावून येतात आणि सगळी मिळून श्वासनलिका सुजवून ठेवतात. कण बिचारा निरुपद्रवी! मी म्हटलं, अहो, ही गेल्यापासून दोन वर्षं माझ्याकडे कुत्रं फिरकलेलं नाही. एक कण आला, तर त्याच्याही अंगावर जायचं? डॉक्टर हसले नाहीत.

नेमका कोणता कण नडतो ते शोधायला हातावर दहा थेंब टाकून दहा ठिकाणी टोचलं. पंधरा मिनिटांत जिथे गांधी उठेल तो चोर. मी खाजवू नये म्हणून नर्सबाईंनी मनगट धरून ठेवलं. बाई तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच दटावणाऱ्या. जेवता का वेळेवर, नुसत्या चहा-बिस्किटांवर राहता की काय, सगळं विचारलं. ताई, मी बोलतच सुटलो गं. डिंक, दोरा, हिचं आजारपण, काही म्हणता काही ठेवलं नाही. गांधी मात्र एकही उठली नाही. सकाळी सवयीने सर्दीची गोळी घेतली होती ना! ती घेतली की पहारेकरी कितीही बोंबलले तरी त्वचेला ऐकूच येत नाही म्हणे. डॉक्टरांनी झापलं आणि आठवडाभर गोळी बंद करून पुन्हा बोलावलं.

आठवडाभर शिंकून शिंकून बेजार झालो, पण गोळीला शिवलो नाही. चाचणीच्या सकाळी मात्र मुद्दाम घेतली. (हसू नकोस.) चोर सापडला की चाचणी संपली. मग मनगट कोण धरणार?

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – बाईंनी ओळखलं. येत्या बुधवारी लक्ष ठेवायला घरचं माणूस आणा, नाहीतर येऊच नका, म्हणाल्या. कागदावर घरच्या माणसाच्या रकान्यात मी तुझं नाव लिहून आलोय. येशील?

ता. क. २ – धावपळ करू नकोस, विशेष काही नाही. सकाळची पहिली गाडी चुकली तर दुसरीने ये, मी दोन्ही गाड्यांना स्टेशनवर असेन. मंगळवारीही एक चक्कर मारून येईन, चुकून लवकर निघालीस तर.