हृदयाजवळचा टाका

तीर्थरूप आईस,
नमस्कार. मी बरी आहे, हे आधी सांगते. घशात नळी होती म्हणून आवाज बसलाय, तेव्हा फोनऐवजी लिहिते.

छोटं ऑपरेशन आहे, असं तुला खोटंच सांगितलं होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती. तेवढी कापून तिथे कापडाची नळी शिवली.

मी पडले शिवणकाम करणारी. डॉक्टरांना विचारलं, "टाका कोणता घातला?"
"सलग. सुई वाकडी, धागा केसाएवढा."
"उसवणार नाही ना?"
"नाही," म्हणाले आणि हसले.

मंगळवारी शिवेपर्यंत हृदय दीड तास बंद ठेवलं होतं, रक्त मशीन फिरवत होतं. तेवढा वेळ मी कुठे होते, असं विचारलं, तर ते माझी नाडी बघायला लागले.

रागावू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना? आणि मंगळवारी अकरा ते साडेबारा तू काय करत होतीस, ते आठवून कळव.

तुझी लेक,
मनीषा