महाराष्ट्राचं टेबल

महादेवपुरा, बेंगळुरू
२८ जानेवारी

ती. ऋतुराज अण्णास,

संयोगिताचा नमस्कार; वहिनींनाही सांग. पुण्यात थंडी आहे म्हणे. इथे धूळ आहे. माझी तब्येत बरी. बाबांचा गुडघा दुखतो, पण कुणी विचारलं तरच. येत्या रविवारी तू त्यांना कायमचं तिकडे न्यायला येणार आहेस हे मी विसरलेले नाही. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी परवाच्या सव्वीस जानेवारीचं सांगते, नाहीतर तुला दुसऱ्या कुणाकडून कळेल आणि त्यात मी वेडी ठरेन.

यंदा गल्लीने ठरवलं की झेंडावंदन झाल्यावर चॉकलेट तोंडात टाकून पांगायचं नाही, रस्ता बंद करून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांनी (त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली मुख्याध्यापिका अजून नोकरीवर आहे) हुकूम काढला की एकेका घराने एकेका राज्याचं टेबल मांडायचं. समोरच्या नव्या इमारतीत अख्खा देश राहतो, त्यामुळे वाटणी चटकन झाली. कर्नाटक अक्कांनी स्वतःकडे ठेवलं आणि आपल्यावर महाराष्ट्र आला. मी म्हटलं, अक्का, आमचे खापरपणजोबासुद्धा इथलेच. त्या म्हणाल्या, "घरात मराठी बोलता ना? मग सरी, झालं तर!"

अण्णा, आपण महाराष्ट्र पाहिला तो तुझ्या लग्नात. बाबांनी तर मांडवापुरताच पाहिला. मग इमारतीतल्या हर्षिताने (पुण्याचीच आहे, नोकरीसाठी आलेली, फार गोड मुलगी) मला मिसळ शिकवायचं कबूल केलं. मी मटकी भिजवली. तिला मोड आले नाहीत, वास मात्र आला. बाबांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "परक्याचं रांधून पावण्यांना घालायचं काय? अवरेकाळू आलंय की बाजारात." (वहिनी त्याला पावटा म्हणतात. म्हणोत.) स्वतः जाऊन पिशवीभर शेंगा आणल्या आणि सोलत बसले. आई गेल्यापासून त्यांना इतक्या उत्साहात मी पाहिलं नव्हतं. तेव्हा 'महाराष्ट्र' या पाटीखाली आपल्या घरून गेले ते नाचणीचे मुद्दे, एकावर एक रचलेले गोळे, आणि टोपभर अवरेकाळूचं सारू.

अक्कांनी झाकण उचलून पाहिलं. "काय गं, आता आमचे मुद्देही नेलेत होय?" त्या हसत होत्या, पण अर्ध्याच चेहऱ्याने. इमारतीचे सेक्रेटरी रविकिरण यांना (नियम पाळला गेला नाही की त्यांना घाम येतो) हे सहन होईना. त्यांनी टोप उचलवून कर्नाटकाच्या टेबलावर नेला. बाबा उठले, आपली खुर्ची उचलली आणि टोपामागोमाग कर्नाटकात जाऊन बसले. महाराष्ट्रात मी एकटी उरले. रविकिरणांनी विनंती केली की आजोबा, तुम्ही तिकडचे. बाबा म्हणाले, "टोप इथं, मी इथं. मी केलंय, मीच वाढणार." शेवटी अक्कांनीच पदर खोचला आणि आपलं टेबल ढकलत आणून आपल्या टेबलाला भिडवलं. मग लोक जेवले. सारू पुरलं नाही.

खरं सांगायचं ते यानंतरचं आहे. हर्षिता ताटली घेऊन बाबांजवळ बसली. मुद्दे चावू लागली, तर बाबा म्हणाले, "चावूं नको गं बाळा, दाताला चिकटतंय. मोड, बुडव, गिळ. स्वल्प सारू घाल की त्याच्यावर." ती माझ्या कानाशी लागली: "काकू, आजोबा कन्नडमध्ये काय म्हणाले?"

मी सांगितलं, मराठीतच बोलले ते. पोरीचा चेहरा उतरला. बाबांनी ऐकलं होतं. तेच मोठ्याने हसले आणि तिच्या ताटलीत आणखी एक गोळा टाकला. पण त्यानंतर ती उठेपर्यंत, अण्णा, ते तिच्याशी हिंदीत बोलले.

तुझं म्हणणं चुकीचं नाही. मी दिवसभर व्हाइटफील्डला कामावर, परत येईतो अंधार पडतो, आणि बाबा घरात एकटे. तू लिहिलंस की पुण्यात ते आपल्या माणसांत राहतील. मी तेव्हापासून तोच शब्द फिरवून फिरवून पाहते आहे. तुझी ऋचा फोनवर "आजोबा, पुन्हा सांगा ना" म्हणते, आणि बाबा दुसऱ्यांदा "बरी आहेस ना" एवढंच विचारतात. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत ते काय विचारतील? त्यांना नेऊ नकोस, एवढंच माझं मागणं.

तुझी,
संयोगिता

ता. क. वरचं वाचून तुला वाटेल की बाबांना यायचं नाही. तसं मुळीच नाही. काल विचारलं, तर म्हणाले, "जायचं की. ऋचाला माझं कळत नसलं तर तिचं मी शिकतो." बॅग भरून झाली आहे. स्वेटर सगळ्यात वर ठेवला आहे.

आणखी एक. म्हणजे तयारी नाही ती माझी. हे त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर ते माझ्यासाठी राहतील, आणि तसं राहिलेलं मला नको आहे. तेव्हा रविवारी ये, जेव, आणि सध्या नेता येत नाही याचं काहीतरी कारण तूच सांग. मी तुझ्या घराच्या रंगकामाचा विचार केला होता. पण ते नको. ते म्हणतील, मग मी मदतीला येतो.