निळा होज, त्रेसष्ट मिलिमीटर

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. मोठं काम लिहून ठेवलं की तडीस जातं.

घाटापलीकडे आत्या अंथरुणाला खिळली आहे. आतेबहिणीचा काल फोन. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. बाबा आणि आत्या, सख्खे बहीणभाऊ, अकरा वर्षं बोललेले नाहीत. आता तिनेच बोलावलंय. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, बसमध्ये बसवत नाही. म्हणजे आपली गाडी. आणि आपली गाडी घाटात म्हाताऱ्या म्हशीसारखी चढते.

उपाय: इंजिनवरचा छोटा इंटरकूलर काढून मोठा पुढे, जाळीमागे. टर्बोची तापलेली हवा गार, गाडीला दम. दोन दिवसांचं काम. बुधवारी निघायचं.

बाबा म्हणाले, आजच जाऊया की, गाडी चालतेय ना. बायकोही तेच म्हणाली. दोघांनाही टॉर्क कळत नाही.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
जुना कूलर, जुने रबरी पाइप काढले. पोत्यात भरून भंगारासाठी दाराशी ठेवले. परतीचे दोर कापलेले बरे.

७ फेब्रुवारी, बुधवार
निघालो नाही. माझी चूक नाही. टर्बोचं तोंड ५१ मिलिमीटर, कूलरचं ५७, इंजिनचं ६३. तिघांचं तिघांशी पटत नाही. जोडायला निमुळते होज, म्हणजे लवचीक जोडनळ्या, लागणार. शिवाय वळणं. पंचेचाळीस अंशांची की नव्वदची? गाडीवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. एकोणीस जणांची एकोणीस मतं. ‘बूस्टकाका’ म्हणून एक आहेत, त्यांना कोणी पाहिलेलं नाही, पण अधिकार मोठा. म्हणाले, रबर विसरा, चार थरांचं सिलिकॉन घ्या. पटलं.

बाबा बॅग भरून सकाळपासून हॉलमध्ये. दुपारी मी सांगितलं. बॅग त्यांनी आत नेली नाही, तिथेच भिंतीशी ठेवली. येता-जाता पायात येते.

१० फेब्रुवारी, शनिवार
रंगाचा प्रश्न. काळा मळखाऊ, पण काम उठून दिसत नाही. लाल भडक. बायको म्हणाली, बॉनेट लावल्यावर कोण बघणार आहे? सौंदर्यदृष्टी उपजत असावी लागते. निळा ठरवला. निळा दुकानात नाही. पाच दिवस.

बाबा म्हणाले, पोतं मी माझ्या खाटेखाली ठेवलंय, जुनंच बसव, भेटून येऊ, मग खेळत बस. ‘खेळत’ हा शब्द लागला. मी म्हटलं, हे सगळं कुणासाठी चाललंय?

१५ फेब्रुवारी, गुरुवार
होज आले. देखणे! अॅल्युमिनियमचे दोन पाइपही आले. बाबांनी एक हातात घेऊन टोकावरून अंगठा फिरवला. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होते. म्हणाले, ही टोकाची उठलेली कड ठेव, तीच होजला धरते. मी शांतपणे समजावलं, पाण्याचं वेगळं, हवेचं वेगळं.

कडेवरून होज चढेना. कानस घेतली. चारही टोकं गुळगुळीत केली, आरशासारखी. मग कसा सरकन बसला! अनुभव म्हणजे सगळं नव्हे.

आतेबहिणीचा फोन. आत्या विचारते, निघाले का. म्हटलं, निघालोच.

१८ फेब्रुवारी, रविवार
पाइपच्या वाटेत बॅटरी. आधी मोजायला हवं होतं, पण मोजत बसलो असतो तर उशीर झाला असता. बॅटरी हलवायची. तीन दिवस.

२१ फेब्रुवारी, बुधवार
आत्या आता बोलत नाही, नुसती दाराकडे बघते म्हणे.

बायकोने मला न विचारता उद्याची टॅक्सी ठरवली. घरात गाडी असताना! मी फोन करून रद्द केली. म्हटलं, परवा सकाळी सहा, शंभर टक्के. बायकोने ताट आपटलं. बाबा सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत. जरा भीती वाटली. मोठ्या कामाआधी वाटतेच.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.०५
निघतोय. गाडी पाखरासारखी झालीय. बाबा पुढे, बायको मागे, बॅग डिकीत. बोललो होतो की नाही!

२३ फेब्रुवारी. ११.४०, घाटात
सातव्या वळणावर फाट्‌कन आवाज. होज पाइपवरून सटकला. चढवला, वरची क्लॅम्पची पट्टी आवळली, दोनशे मीटरवर पुन्हा. असं पाच वेळा. सपाटीला गाडी कशीबशी चालते, चढाला काळा धूर ओकते. क्लॅम्प हलके निघाले. बूस्टकाकांना विचारलं. म्हणाले, कड घासली का? उत्तर दिलेलं नाही.

बाबा कठड्याला धरून उभे आहेत. कडेचा विषयही त्यांनी काढला नाही. काढला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी. १२.२५
फोन आला. बाबांनी घेतला. ऐकलं, माझ्या हातात परत दिला. अर्ध्या तासापूर्वी गेली.

एक टेम्पोवाला थांबला. पुढे बसायला बाबांना जमेना, म्हणून मागे उभे राहून गेले, पोत्यांना धरून. सोबत बायको. मी गाडीपाशी थांबलो. कोणीतरी थांबायला हवंच.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
गाडी मी त्याच रात्री ओढून घरी आणली होती; बाबा आणि बायको परवा परतले. आज बाबांनी खाटेखालून पोतं पायाने ओढलं. त्यांना वाकवत नाही. ते सांगत होते, बायको बसवत होती. मी पाना पुढे केला, तो बायकोने घेतला, मला धरू दिलं नाही. जुना कूलर, जुने पाइप, जुने क्लॅम्प. मी घड्याळ लावलं होतं. चाळीस मिनिटं. दहा तारखेलाही चाळीसच लागली असती.

आतेबहीण घरात एकटी पडलीय, म्हणून दोघं तिच्याकडे निघाले. मी येऊ का, विचारलं. बाबा म्हणाले, नको, घाट आहे, वजन कमी असलेलं बरं.

पोहोचल्याचा फोन बायकोने केला. गाडीने कुठे त्रास दिला का, मी विचारलं. म्हणाली, नाही, दुसऱ्या गिअरवर चढली, नेहमीसारखी.