दोन कडुनिंब

पुणे, डिसेंबर २०१७

जयभीम बाबा,

मी बरी आहो. मेसची भाजी सप्पक असते, पण आईच्या ठेच्यावर निभून जाते. फोनवर तुमी "हाव, हाव" म्हणून लगेच आईले देता, म्हणून हे लिहून राह्यली.

त्या सांजेचा आभाळातला जळता गोळा तुमी पायला अन् जानेफळच्या मावशीनंबी पायला, हे मी आमच्या खगोल शिकवणाऱ्या सरांले सांगतलं. सर म्हणे, तो गोळा म्हणजे जळता दगड; असे दगड मंगळ अन् गुरूच्या मधातून निसटून, सूर्याभोवती फिरत फिरत येतात. दोन गावांतून तो कोण्या बाजूले दिसला हे नीट समजलं, तर त्याची वाट मागं मागं काढता येते.

इथंच माहं डोकं फिरलं. मावशी म्हणते, उगवतीले दिसला. तुमी म्हणता, अंगणात बसलो होतो, कडुनिंबाच्या शेंड्यावरून गेला. पण अंगणातला कडुनिंब तर मावळतीले आहे! अन् जानेफळ आपल्या गावाच्या उगवतीले, म्हणून दोघायच्या रेघा काही केल्या मिळत नाहीत. सर म्हणे, लोकायची दिशा चुकतेच, सोडून दे.

मंग मले आठवलं, आपला दुसरा कडुनिंब शेतात आहे, अन् तो उगवतीले दिसते फक्त तिथल्या विहिरीवरून.

बोंडअळीनं कपाशी गेल्यापासून तिकडं कोणी फिरकत नाही, असं आई म्हणते. मंग अंधार पडताना तुमी तिथं एकटे काऊन होते? अन् अंगणात होतो असं काऊन सांगतलं? मले काहीच समजून नाही राह्यलं.

दगडाचं सर पाहून घेतील. आईले मी काही बोलली नाही. या पत्राच्या मागोमाग मी येऊन राह्यली. तोवर अंगणातल्याच कडुनिंबाखाली बसा.

तुमची,
दीपमाला