आठ जणांचं सुख आणि नववी मी

तीर्थस्वरूप भिंगरीताईस,

सहा महिन्यांच्या मोठेपणाला जेवढा बसेल तेवढा नमस्कार. (उरलेला प्रत्यक्ष भेटीत घालीन.)

आपल्या मिशनच्या वसतिगृहातली न्हाणीघरापुढची ती रांग आठवते का गं? दोघींत मिळून एक बादली गरम पाणी. तू आधी आत शिरायचीस, गाणी म्हणत सावकाश आंघोळ करायचीस, आणि मी बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून कुडकुडत म्हणायची, "होऊ दे तुझं निवांत." मला उरायचं त्या पाण्याला कोमट म्हणणंही धाडसाचं होतं. उंच सिस्टर जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या, म्हणायच्या, अशा मुलींसाठी स्वर्गात जागा राखून ठेवलेली असते. तुझ्यासाठी काय राखलंय ते त्या कधी बोलल्या नाहीत. पण तुला कधी पडसं झालं नाही आणि माझं कधी गेलं नाही, हे आपण दोघींनी पाहिलंय.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम. म्हणजे ह्यांच्या कपाळावर टेंगूळ आहे आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही. हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते, तेव्हा चष्मा लाव आणि पाय पसरून बस.

ह्यांनी जन्मभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातही सुखवाद. माणसानं काय करावं? ज्यानं सुख वाढेल ते करावं, दुःख वाढेल ते टाळावं. कर्तव्य, पुण्य वगैरे सगळी त्याचीच टोपणनावं. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून मी हरखून गेले होते. जिभेला गोड लागलं की ते पाप, अशा शिकवणीतून मी आलेली. आणि समोर एक तरुण माणूस सुख हेच चांगलं असं छातीठोकपणे सांगतोय! वाटलं, सुटले बाई. मग हळूहळू कळलं की सुखं दोन प्रकारची असतात, वरची आणि खालची. वाचन, चिंतन, चर्चा ही वरची. खाणं, झोप, अत्तर, उगाच बसून राहणं ही खालची. कुठलं सुख कुठे बसवायचं ते कोणी ठरवायचं? ज्यानं दोन्ही भोगली आहेत त्यानं. ह्यांनी दोन्ही भोगली होती, कारण स्वयंपाक मी करत होते. म्हणून माझी कादंबरी खालची आणि ह्यांचं वर्तमानपत्र वरचं. दुपारी मी डोळे मिटले तर ती झोप, ह्यांनी मिटले तर ते चिंतन. (त्या चिंतनाचा आवाज जिन्यापर्यंत जातो.)

निवृत्त झाल्यावर ह्यांनी दर रविवारी घरात सुखमंडळ भरवायला सुरुवात केली. एक निवृत्त न्यायाधीश, एक दातांचे डॉक्टर आणि ह्यांचे जुने विद्यार्थी, असे ह्यांना धरून आठ जण. सुखावर बोलून बोलून ते थकतात आणि मग त्यांना चहा लागतो. दोनदा. न्यायाधीश संयमावर बोलतात आणि तीन चमचे साखर घेतात. एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून सहज म्हटलं, उकाड्यात दुसरा चहा जड जातो हो मला. तर ह्यांनी अगदी प्रेमानं गणित मांडलं: आठ जणांचं सुख एका पारड्यात, एकीचे श्रम दुसऱ्यात, पारडं कुठे झुकतं ते उघड आहे. न्यायाधीशांनी मान डोलावली, म्हणजे निकालही लागला. दातांचे डॉक्टर तेवढे म्हणाले, "अहो, वहिनींना विचारा तरी." (रोज लोकांना दुखवून तो माणूस मऊ झालाय.) तर हे म्हणाले, "विचारायचं काय? तिला करण्यातच सुख आहे." आणि पुरावा म्हणून कपाटातून स्वतःचं पुस्तक काढलं, अर्पणपत्रिका वाचून दाखवली: 'जिने माझ्या सुखात आपलं सुख मानलं, तिला.' मला कोणी विचारलं होतं? ते पान मी छापून आल्यावरच पाहिलं. पाहून रडले होते. (आनंदानं. हो, तेच तर.)

त्याच दिवशी मंडळानं एक प्रयोग ठरवला. आठवडाभर प्रत्येकानं फक्त स्वतःला ज्यात सुख वाटतं तेच करायचं आणि पुढच्या रविवारी अनुभव सांगायचा. ह्यांनी मोठ्या मनानं मला म्हटलं, "तूही घे की भाग." त्यांना वाटलं, ही आपली चहाच करत राहील आणि सिद्धांताला चालताबोलता पुरावा मिळेल.

सोमवारी सकाळी मी पलंगावर बसले आणि स्वतःला विचारलं, बाई, तुला काय आवडतं? ताई, काही म्हणता काही आठवेना. ह्यांना काय आवडतं ते मी झोपेत सांगेन. लेकीला काय, जावयाला काय, अगदी त्या न्यायाधीशांना काय, सगळं तोंडपाठ. माझ्या नावापुढे मात्र कोरं. आधी हसू आलं, मग घाबरले. दूध उतू गेलं तरी उठले नाही. कुठे घालवलं मी ते? की कधी नव्हतंच?

दुपारी एक गोष्ट सापडली. पलंगाची खिडकीकडची बाजू. लग्नापासून मी कपाटाकडे झोपत आले, कारण विचाराला वारा लागतो आणि विचार ह्यांच्याकडे. त्या दिवशी मी उशा बदलल्या. हे म्हणाले, "प्रयोग म्हणून स्वागत आहे." पहाटे जाग आली तर समोर झाडाची फांदी, आणि रस्त्यापलीकडचा बेकरीवाला दुकानाचं दार वर सरकवताना दिसला. एवढंच. पण काय सांगू तुला! मी अशी हसत पडले होते, तेवढ्यात हे सवयीनं उठले, सवयीच्या बाजूनं वळले आणि सरळ कपाटावर जाऊन आदळले. दातांच्या डॉक्टरांना बोलावलं, मंडळात डॉक्टर तेवढेच. त्यांनी विचारलं, "कशावर आपटलात?" हे म्हणाले, "हिच्या सुखावर."

रविवारी मंडळ जमलं. मी आत खिडकीपाशी कादंबरी घेऊन पडले होते. चर्चा थकली, आणि टेंगूळ दारात आलं.

"लोक बसलेत."

"बसू द्या."

"अगं, प्रयोग संपला."

"तुमचा संपला. माझा आत्ता कुठे सुरू झालाय."

तेव्हा हे म्हणाले, "सुख आणि स्वार्थ यांत फरक असतो." जन्मभर शिकवलं त्यात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी नवीन काढलं.

आणि पुढचं ऐक. दातांच्या डॉक्टरांनी उठून चहा केला. काळाकुट्ट, कडू. सगळ्यांनी तो पिऊन टाकला आणि चर्चा पुढे चालू झाली. कोणाचं काही अडलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी उठले नाही तर घर थांबेल. घर थांबलं नाही याचं मला किती वाईट वाटलं, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेकत जा. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी मागची खोली रिकामी करून ठेव. गुरुवारच्या बसनं येते आहे. चार दिवसांसाठी नाही. आल्या आल्या 'काय करू तुला खायला' असं विचारू नकोस. ठरवायला मला वेळ लागेल.

ता. क. दुसरा. कुठली वस्तू कुठे आहे हे विचारायला हे मला फोन करणार नाहीत, तुला करतील. तेव्हा सांग: पांढरे कप दातांच्या डॉक्टरांना द्यावेत. साखरेचा डबा न्यायाधीशांना, चमच्यासकट. गॅलरीतली कुंडी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. त्या रोज वाकून बघतात. त्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती रद्दीवाल्याला. आणि ह्यांच्या गोळ्यांचा डबा लेकीला, मी जाते म्हटल्यावर "आई, या वयात?" म्हणून तीच फोनवर ओरडली होती. पांढरी सकाळी, पिवळी जेवणानंतर. पिवळी फार कडू आहे, ती गिळताना हे लहान मुलासारखं तोंड करतात. ते तोंड बघायला मला फार आवडायचं. पण हे त्यांना सांगू नकोस. लगेच त्यावर प्रकरण लिहितील.